एका रुपयात किती मासे चांदी?

‘बंदा रुपया’ हा शब्द आपल्या बोलण्यात अजून जिवंत आहे. मनुष्य वचनाचा पक्का असला, की तो बंद्या रुपयासारखा आहे असे आपण म्हणतो; त्याचे बोलणे खणखणीत असले, की ते नाण्यासारखे वाजते असे म्हणतो. ज्या रुपयावरून ही भाषा घडली, तो रुपया व्यवहारातून गेल्यास आता ऐंशी वर्षे झाली. तरी पुष्कळ घरांतून तो अद्याप आहे. तो देवघरातील डब्यात असतो, सासूबाईंच्या पेटीत असतो, लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात असतो. वर्षातून एकदा त्यास पंचामृताने स्नान घालावे, हळदकुंकू वाहावे आणि पुन्हा वस्त्रात गुंडाळून ठेवावे, इतकाच त्याचा आणि आपला संबंध उरला आहे. त्यामुळे सगळे जुने रुपये एकाच कसाचे, अशी एक समजूत घरोघर रूढ झालेली आढळते. ही समजूत चुकीची आहे, आणि वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी ती फार महाग पडते.

हा विषय घेण्यास निमित्त झाले ते खोडाळ्याहून आलेल्या एका वाचकभगिनीच्या पत्राचे. कसाऱ्याहून विहीगावावरून डोंगर चढून गेले, म्हणजे मोखाडा तालुक्यातील हे बाजाराचे गाव लागते. सदर भगिनींचे यजमान तेथे शिक्षक आहेत. सासूबाईंच्या वर्षश्राद्धानंतर तिघा भावांच्या समक्ष त्यांची पेटी उघडली, तेव्हा तांबड्या वस्त्रात बांधलेले ७५ रुपये, थोड्या अधेल्या व पावल्या, आणि अमेरिकेत राहणाऱ्या धाकट्या दिरांनी आईस हौसेने आणून दिलेली सात-आठ अर्ध्या डॉलरची नाणी निघाली. प्रत्येकी २५ रुपये घ्यावेत असे थोरल्यांनी सुचविले. मधल्या जाऊबाई सहज म्हणाल्या, ‘राणीचे तेवढे आम्हांला द्या, आठवण म्हणून.’ तेवढ्या बोलण्याने घरात कुजबूज सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही.

त्याच पत्रात दुसरीही एक हकीकत आहे. भगिनींच्या शेजारी एक वारली कुटुंब राहते. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंच्या गळ्यात ११ रुपयांची माळ आहे. त्यांच्या आजीपासून ती चालत आली आहे. नातवाच्या शिक्षणासाठी ती मोडावी असे त्यांच्या मनात आहे. आठवड्याच्या बाजारात फिरता खरेदीदार येतो, त्याने माळ हातात घेऊन पाहिली आणि ‘जुनी नाणी सगळी मिसळीचीच’ असे म्हणून सरसकट एक भाव सांगितला. तो भाव योग्य की अयोग्य, हे सांगणारे कोणी जवळ नाही. ‘रुपयात चांदी किती, हे घरच्या घरी ओळखता येईल काय?’ असा भगिनींचा प्रश्न आहे. येईल, आणि ते कसे, तेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम रुपयाचा जन्म पाहू. १८३५ पूर्वी आपल्या देशात शेकडो प्रकारचे रुपये चालत आणि प्रत्येकावर सराफ निराळा बट्टा घेई. त्या साली ईस्ट इंडिया कंपनीने कायदा करून आपल्या सर्व मुलुखात एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी व एक भाग हीण. तोळ्याचे मासे बारा, हे आपल्या आज्यांस तोंडपाठ असे. तेव्हा त्यांच्या हिशेबाने सांगावयाचे तर रुपयात अकरा मासे चांदी आणि एक मासा तांबे. हे तांबे फसवणुकीचे नव्हे. निव्वळ चांदी मऊ असते व हाताळून लौकर झिजते. ती टणक व्हावी म्हणून हीण घालावेच लागते. अधेली, पावली व चवली ह्याच प्रमाणात पाडली जात. अधेलीत साडेपाच मासे, पावलीत पावणेतीन मासे, असा सरळ हिशेब होता.

हे प्रमाण एक शतकभर ढळले नाही. राजे बदलले, छाप बदलले, परंतु अकरा मासे कायम राहिले. मात्र रुपयाची किंमत आणि त्यातील चांदीची किंमत ह्यांची जोडी पुढे तुटली. १८९३ पर्यंत कोणीही आपली चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या साली सरकारने ती मोकळीक बंद केली आणि रुपयाची किंमत सरकारच्या हुकमाने ठरू लागली. चांदी स्वस्त होती तोवर ह्यात कोणाचे अडले नाही. परंतु पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली, की रुपया चालविण्यापेक्षा वितळविण्यात फायदा दिसू लागला. म्हणून १९१७ साली नाणी वितळविण्यास मनाई झाली आणि त्याच साली एक रुपयाची नोट प्रथम निघाली. पुढच्या वर्षी अमेरिकेने कायदा करून आपल्या खजिन्यातील सत्तावीस कोटींहून अधिक रुप्याचे डॉलर वितळविले, आणि त्यांतील बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या टांकसाळींसाठी विकली. तेव्हा त्या काळच्या जॉर्ज बादशहाच्या रुपयात अमेरिकेचा वितळलेला डॉलरही असू शकेल!

खरा बदल झाला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्याची वार्ता आली आणि लोकांनी नोटा देऊन रुपये घरात साठविण्याचा सपाटा लावला. गरजेपेक्षा अधिक नाणी बाळगणे सरकारने गुन्हा ठरविले, एक रुपयाच्या नोटा पुन्हा काढल्या, आणि त्याच वर्षी नाण्यांतील चांदीही उतरविली. नव्या रुपयाचे वजन पूर्वीइतकेच एक तोळा ठेवले; पण त्यात चांदी निम्मी, तांबे शेकडा ४०, आणि निकेल व जस्त शेकडा ५-५. म्हणजे अकरा माशांचा रुपया एकदम सहा माशांवर आला. जुने भारी रुपये सरकारने क्रमाने परत मागविले. राणीछाप १९४१ मध्ये, एडवर्डचे १९४२ मध्ये आणि दोन्ही जॉर्जांचे जुन्या कसाचे १९४३ मध्ये चलनातून बाद झाले. ज्यांनी ते परत केले नाहीत, त्यांच्या पेट्यांत ते आजवर राहिले आहेत. पुढे १९४६-४७ मध्ये तर चांदी अजिबात गेली आणि निव्वळ निकेलची नाणी आली. तेव्हा एकाच गाठोड्यात अकरा माशांचा, सहा माशांचा आणि चांदीचा कणही नसलेला, असे तिन्ही रुपये सापडावयाचे. तिघांनाही नाव एकच, रुपया!

आता ओळख. पहिली आणि सर्वांत भरवशाची खूण म्हणजे साल आणि छाप. नाणे उजेडात धरून भिंगातून पाहावे. १८३५ चा विल्यम राजाचा, १८४० चा व १८६२ चा व्हिक्टोरियाचा, १८७७ ते १९०१ पर्यंतचा ‘एम्प्रेस’ असे लिहिलेला, १९०३ ते १९१० चा एडवर्डचा, १९११ पासूनचा जॉर्ज पंचमाचा, हे सारे रुपये अकरा माशांचे. १८४० किंवा १८६२ हे साल अनेक नाण्यांवर दिसले तर शंका घेऊ नये. तेच साल टांकसाळीने कित्येक वर्षे चालू ठेवले होते, आणि १८६२ चा शिक्का तर १८७४ पर्यंत चालला. मुकुट घातलेला, डाव्या अंगास पाहणारा जॉर्ज सहावा दिसला, की सावध व्हावे. त्याचा १९३८-३९ सालचा रुपया अकरा माशांचा आहे. १९४१ ते १९४५ चा सहा माशांचा आहे. आणि मागे वाघाचे चित्र असलेला १९४७ चा निकेलचा आहे. १९४० हे संधीचे साल. त्या सालच्या अधेल्या-पावल्या नुसत्या सालावरून ठरवू नयेत. पुढे सांगितलेली पाण्याची परीक्षा त्यांस अवश्य लावावी.

लहान नाण्यांत आणखी एक फसगत आहे. पहिल्या युद्धाच्या अखेरीस चांदी वाचविण्यासाठी १९१८ पासून दोन आण्यांचे, आणि १९१९ पासून चार व आठ आण्यांचे नाणे तांबे-निकेलचे पाडले गेले. ती चवली चौकोनी, ते चार आण्यांचे नाणे अष्टकोनी आणि आठ आण्यांचे गोल. ह्या तिहींत चांदी नाही. गोल, जुन्या छापाची रुप्याची चवली मात्र १९१७ पर्यंतची सापडते. मराठवाड्यातील वाचकांच्या घरी निजामशाहीतील चारमिनारचा रुपया असावयाचा. तो वजनास थोडा हलका असून त्यात शेकडा सुमारे ८२, म्हणजे साडेनऊ माशांच्या आतबाहेर चांदी असते. परंतु युद्धकाळात तोही निम्म्यावर उतरला होता.

स्वातंत्र्यानंतरची नाणी पाहून पुष्कळांचा गोंधळ होतो. १९६४ चा पंडित नेहरूंचा आणि १९६९ चा महात्माजींचा रुपया लोक चांदीचा म्हणून जपतात; ते दोन्ही निकेलचे आहेत. महात्माजींच्या जन्मशताब्दीचे १० रुपयांचे मोठे नाणे तेवढे चांदीचे. त्याचे वजन १५ ग्रॅम व चांदी शेकडा ८०. भावनेने दोन्हींचे मोल सारखेच असेल. सराफाच्या तराजूत ते सारखे नाही.

दुसरी खूण कडेची. जुन्या रुपयाच्या कडेस सरळ उभे दाते असतात. सहा माशांचा रुपया निघाला तेव्हा खोटी नाणी पाडणाऱ्यांस आळा बसावा म्हणून त्या दात्यांच्या मधून गोल फिरणारी एक बारीक खाच ठेविली. बोटाच्या नखाने ती कळते. झिजून साल वाचता येईनासे झाले असेल, तेथे ही खाच उपयोगी पडते. तसेच सहा माशांच्या रुपयाचे उंच भाग झिजले, की तेथे पिवळट-तांबूस छटा दिसू लागते. अकरा माशांचा रुपया झिजला तरी पांढराच राहतो.

तिसरी परीक्षा लोहचुंबकाची. निकेलचा रुपया चुंबकास चटकन चिकटतो. मुलांच्या खेळण्यातील चुंबकसुद्धा ह्या कामास पुरतो, आणि गाठोड्यातील निकेल क्षणात वेगळे होते. पण जे चिकटले नाही ते चांदीचेच, असा उलट निष्कर्ष काढू नये. तांबे-निकेलचे नाणे चिकटत नाही, आणि जर्मन सिल्व्हरही सहसा चिकटत नाही. ह्या जर्मन सिल्व्हरच्या नावात रुपे आहे, अंगात नाही. ते तांबे, जस्त व निकेल ह्यांचे मिश्रण आहे. बाजारात हल्ली राणीछाप म्हणून विकले जाणारे खोटे रुपये बहुधा अशाच धातूचे असतात.

नाणे वाजवून पाहण्याची आपली जुनी रीत वाईट नाही. चांदीचा नाद लांबतो, हिणकस नाणे बद्द वाजते. तथापि कानास सवय असावी लागते. शिवाय तडा गेलेले खरे नाणेही बद्द वाजते. म्हणून कानाची साक्ष घ्यावी, परंतु निकाल पाण्याकडून घ्यावा.

पाण्याची परीक्षा अशी. स्वयंपाकघरात हल्ली ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत वजन दाखविणारा विजेचा लहान काटा मिळतो. प्रथम दहा रुपये एकत्र तोलून वजन लिहून ठेवावे. न झिजलेले असतील तर ते सुमारे ११६.६ ग्रॅम भरेल. मग पाण्याने अर्धे भरलेले भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा. दहाही रुपये बारीक दोऱ्याच्या जाळीत घालून पाण्यात असे सोडावेत, की ते पूर्ण बुडतील पण भांड्याच्या तळास वा बाजूस टेकणार नाहीत. नाण्यांस चिकटलेले हवेचे बुडबुडे हलवून घालवावेत. आता काटा जो आकडा दाखवील, त्याने पहिल्या वजनास भागावे. भागाकार १०.३ च्या आसपास आला तर नाणी अकरा माशांची; ९.५ च्या आसपास आला तर सहा माशांची, ८.९ किंवा त्याखाली आला तर चांदी नाही. दहा भारी रुपयांस काटा सुमारे ११.३ दाखवितो, निम्म्या चांदीच्यांस १२.२, आणि निकेलच्यांस १३.१. झिजेने वजन घटले तरी भागाकार बदलत नाही, हा ह्या रीतीचा मोठा गुण. मात्र एका सालाची व एका छापाची नाणी एका वेळी घ्यावीत. मिसळ घेतली तर उत्तरही मिसळीचे येईल. एकच नाणे घेतल्यास फरक इतका बारीक असतो, की घरच्या काट्यास तो नीट सापडत नाही.

हे सर्व झाल्यावर सराफाकडे जावे. नाशिकच्या सराफ बाजारासारख्या ठिकाणी काही दुकानांत क्ष-किरणांचे यंत्र असते. ते नाण्यास ओरखडाही न काढता त्यातील धातूंचे प्रमाण सांगते. कसोटीच्या दगडावर नाणे घासू देण्याची मग गरज नाही. तेथे गेल्यावर एक गोष्ट आधी विचारावी : ‘तोळा’ म्हणजे किती? हल्ली पुष्कळ दुकानांत तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. आपल्या आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. ‘एक रुपया म्हणजे एक तोळा’ ह्या जुन्या बोलीने सौदा केला, तर दर सात रुपयांमागे जवळजवळ एक रुपयाची चांदी हिशेबाबाहेर जाते. म्हणून बोलणे ग्रॅममध्येच करावे. अकरा माशांच्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, सहा माशांच्या रुपयात ५.८३ ग्रॅम; त्या दिवसाच्या भावाने त्यास गुणावे आणि झीज व गाळण्याची वजावट किती ते स्पष्ट विचारावे.

आता माळेचा प्रश्न. खोडाळा, मोखाडा, जव्हार ह्या डोंगरी मुलुखात पावसाळ्यात नागली-वरईची शेती करावी आणि दसऱ्यानंतर मजुरीसाठी खाली भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जावे, असा पुष्कळ कुटुंबांचा वर्षक्रम आहे. बँक दूर आणि घर कुडाचे, अशा ठिकाणी अंगावरचे रुपे हीच पेढी होती. माळेतील रुपया म्हणजे आजीने पै-पै करून ठेविलेली ठेव आहे. तिची किंमत बोलण्याच्या ओघात ठरता कामा नये. भगिनींनी लिहिल्याप्रमाणे माळेतील सर्व नाणी राणीच्या व एडवर्डच्या छापाची असतील, तर त्यांत १२१ मासे, म्हणजे सुमारे ११७ ग्रॅम चांदी आहे. खरेदीदार ‘मिसळीची’ म्हणून निम्म्या कसाचा भाव देत असेल, तर त्याच्या हिशेबात ती सुमारे ६४ ग्रॅमच होते. उरलेली ५३ ग्रॅम चांदी कोणाच्या घरात जाते, हे निराळे सांगावयास नको.

माळेतील नाण्यांस झाळ देऊन कड्या जोडलेल्या असतात. त्यांचे वजन चांदीत धरू नये हे खरे, पण त्या निमित्ताने सगळ्या माळेचा कस उतरविणेही न्यायाचे नाही. कड्यांची वजावट तेवढी घ्यावी. आमची सूचना अशी, की सदर भगिनींनी शेजारणीबरोबर बसून प्रत्येक नाण्याचे साल कागदावर लिहावे, काट्यावर वजन करावे, आणि एकाऐवजी दोन-तीन दुकानी भाव विचारावा. पावतीवर वजन, कस व दर तिन्ही लिहून घ्यावेत. माळ विकावयाची नसून गहाण ठेवावयाची असेल, तर सावकाराचा परवाना पाहिल्यावाचून ठेवू नये. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवान्यावाचून सावकारी करता येत नाही. शिकलेल्या माणसाने शेजाऱ्यासाठी इतके केले, तर त्यास कोणी उपकार म्हणू नये. ते शेजारधर्माचे साधे काम आहे.

वाटणीचेही उत्तर आता सोपे झाले. भगिनींनी सालवार यादी पाठविली आहे, हे फार चांगले केले. त्या यादीप्रमाणे ७५ पैकी ३७ रुपये अकरा माशांचे, २६ सहा माशांचे आणि १२ निकेलचे आहेत. डोळे मिटून २५-२५ घेतले, तर एकाच्या वाट्यास २५ भारी रुपये, म्हणजे २७५ मासे चांदी येऊ शकेल, आणि दुसऱ्याच्या वाट्यास १३ मिसळीचे व १२ निकेलचे येऊन अवघे ७८ मासे! मोजणी अगदी बरोबर, आणि वाटणी साडेतीन पटींनी चुकलेली. ह्याउलट तिन्ही ढीग निरनिराळे करून वाटले, तर दोघांस १२ भारी, ९ मिसळीचे व ४ निकेलचे, आणि तिसऱ्यास १३ भारी, ८ मिसळीचे व ४ निकेलचे, असे प्रत्येकास २५ रुपये येतात. पहिल्या दोघांची चांदी १८६ मासे, तिसऱ्याची १९१. अंतर पाच माशांचे. तिसऱ्याने अधेल्यांतून तेवढे कमी घेतले की मिटले. राणीचे रुपये मधल्या जाऊबाईंस हवे असतील, तर त्यांनी आपल्या वाट्याचे भारी रुपये राणीच्या छापाचे निवडावेत आणि इतरांनी एडवर्ड व जॉर्ज घ्यावेत. कस एकच असल्याने कोणाचे काही जात नाही. त्यांच्या मागण्यात लोभ होता की माया, हा वादच मग उरत नाही. मासे मोजल्याने नाती तुटत नाहीत. न मोजल्यामुळे राहिलेला संशय मात्र ती हळूहळू कुरतडतो.

धाकट्या दिरांच्या अर्ध्या डॉलरांसही हाच न्याय लावावा. अमेरिकेनेही तेच केले, फक्त पंचवीस वर्षे उशिरा. १९६४ पर्यंतच्या अर्ध्या डॉलरात शेकडा ९० चांदी आहे. एका नाण्यात सव्वाअकरा ग्रॅम, म्हणजे साडेअकरा मासे. १९६५ ते १९७० च्या नाण्यात शेकडा ४०, म्हणजे पावणेपाच मासे. १९७१ पासूनच्या व्यवहारातील नाण्यात चांदी नाही. त्याच्या कडेकडे पाहिले तर मधोमध तांब्याची तांबडी रेघ स्पष्ट दिसते. केनेडींचे चित्र तिन्हींवर एकच आहे, म्हणून चित्रावर न जाता साल वाचावे. तेथील आपल्या मुलाबाळांस दुकानात किंवा बँकेत क्वचित असे जुने नाणे अजून मिळून जाते.

काही इशारे देणे अवश्य आहे. जुने नाणे चिंच, राख किंवा दंतमंजन लावून घासू नये; चांदी झिजते आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल उतरते. वितळविण्यापूर्वी साल पाहावे. १९३९ चा जॉर्ज सहाव्याचा भारी रुपया अत्यंत दुर्मिळ आहे; १९११ च्या रुपयावर बादशहाच्या अंगरख्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक चिडले, आणि तो छाप लगेच बदलावा लागला. अशा नाण्यांची किंमत चांदीच्या पलीकडे असते. राम-सीतेची चित्रे व १८१८ साल असलेली ‘ईस्ट इंडिया कंपनीची’ म्हणून जी नाणी मोठ्या किमतीस दाखविली जातात, ती कंपनीने कधीच पाडलेली नाहीत. घराचा पाया खणताना जमिनीत नाण्यांचे मडके सापडले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांस वर्दी द्यावी लागते. पेटीतील वडिलोपार्जित नाण्यांस हा नियम नाही. परंतु शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशी नेण्यास १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याने मनाई आहे. तेव्हा अमेरिकेत राहणाऱ्या भावाने आपल्या वाट्याचे राणीछाप रुपये भावाकडेच ठेवावेत हे बरे.

आमच्या वाचकांस एक विनंती करून हा लेख पुरा करतो. येत्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांनी नाण्यांचे गाठोडे सोडावे, मुलांच्या हाती भिंग व चुंबक द्यावा, आणि प्रत्येक नाण्याचे साल, वजन व कस एका वहीत लिहून काढावे. ती वही गाठोड्यातच ठेवावी. मुलांस शंभर वर्षांचा इतिहास तासाभरात हाताने शिकावयास मिळेल, आणि पुढे जो कोणी ती पेटी उघडील, त्यास कोणाच्या तोंडाकडे पाहण्याची गरज पडणार नाही.